रविवारची ड्युटी आणि बुडालेली प्रार्थना

पुण्यातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स असलेल्या ताईंचं पत्र आलं आहे. वय 36. तीन पाळ्यांची नोकरी, दोन मुलं, घरात सासूबाई, नवरा चाकणला कंपनीत. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या मुलांचं संडे स्कूल घेतात, क्वायरमध्ये गातात आणि यंदा महिला संघाच्या सेक्रेटरीही झाल्या आहेत. महिन्यातले दोन रविवार ड्युटीत जातात. पहाटेची प्रार्थना बुडते. नवरा म्हणतो, "तुला देवळासाठी वेळ आहे, घरासाठी नाही." विश्वास जागवणाऱ्या एका संजीवन सभेत त्यांनी ऐकलं की जो पहाटे तासभर गुडघ्यावर बसत नाही त्याचा विश्वास कोमट. गावी विधवा आई एकटी आहे. दशमांश, म्हणजे देवासाठीचा कमाईचा दहावा भाग, बाजूला काढला की तिच्या औषधांना पैसे पुरत नाहीत. शेवटी लिहिलंय, "देव, घर, नोकरी, सगळीकडे मीच कमी पडते. समतोल कसा साधू?"

ताई, सलाम.

मी 33 वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो. आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, शेवटची 11 वर्षं पुण्यात. एवढ्या वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक बायकांनीच आणला, आणि त्यातही नर्स आणि शिक्षिकांनी. पुरुष तो का आणत नाहीत, हे पुढे रविवारच्या जेवणाचा विषय निघेल तेव्हा आपोआप कळेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. देवासाठी वेळ मिळत नाही असं तुम्ही म्हणता. पण त्याच पत्रात शनिवारची क्वायरची तालीम आहे, रविवारच्या धड्याची तयारी आहे, महिला संघाची मीटिंग आणि तिचं इतिवृत्त आहे, कापणीच्या सणाची वर्गणी आहे, शिवाय रात्री 10 नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे निरोप आहेत. हे सगळं तुम्ही देवाच्या खात्यावर मांडलंय. मी ते देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, खात्यावर मांडीन. देऊळ मला प्रिय आहे, माझं उभं आयुष्य त्याच्या पायरीवर गेलं. तरीही ही दोन खाती एकत्र केली की माणूस देवळात राबराब राबतो आणि देवाला पारखा होतो. हे मी स्वतः भोगलंय.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. कफर्णहूम गावात प्रभू येशूने आधी सिमोन या शिष्याच्या सासूचा ताप घालवला. दिवस मावळल्यावर गावातले सगळे आजारी लोक दाराशी आणले गेले, अख्खं गाव दारात जमलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, प्रभू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. पहाटेच्या प्रार्थनेचा दाखला म्हणून आम्ही पाळक हे वचन नेहमी देतो आणि तिथेच थांबतो. पुढचं वाचा. शिष्य त्याला शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुला शोधताहेत. तो परत आला नाही. आपण दुसऱ्या गावांत जाऊ, असं म्हणाला. दारात उभ्या असलेल्या लोकांना मागे ठेवून तो निघाला. ती माणसं गरजू होती, खोटी नव्हती. पण प्रार्थनेतून उठल्यावर त्याला आपलं काम कोणतं आणि कोणतं नाही, हे स्पष्ट दिसत होतं. तुम्हाला पहाटेच्या त्या तासाची खंत वाटते. मला खंत याची वाटते की गेल्या वर्षभरात तुम्ही मंडळीत एकदाही कुणाला नाही म्हटलेलं दिसत नाही.

म्हणून पहिलं सांगणं: सेक्रेटरीचं पद सोडा. संडे स्कूल ठेवा, कारण मुलांबद्दल लिहिताना तुमच्या शब्दांत जीव आहे. क्वायरचं तुम्ही ठरवा. पण पद सोडा, आणि ते वर्षअखेरीची वाट न बघता. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे वाद मिटवत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आला आणि एका दिवसात त्याच्या लक्षात आलं. अशाने तू झिजून जाशील, आणि हे लोकही झिजतील, असं त्याने सुनावलं. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावली. बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात हे आहे. मोशेला सीनाय पर्वतावर आज्ञा मिळाल्या त्या यानंतर, 20 व्या अध्यायात.

आणि एक गोष्ट पाळक म्हणूनच सांगतो. आम्हाला खोड असते: जो नाही म्हणत नाही त्याच्याकडेच आम्ही पुन्हा पुन्हा जातो. तुमचे पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत. तुम्ही दमलात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. पत्र लिहू नका, समक्ष जाऊन बोला. कारणांची यादी देऊ नका. "साहेब, तीन पाळ्यांत हे मला झेपत नाही," एवढं बोलून थांबा.

आता रविवारच्या ड्युटीचं. शब्बाथ, म्हणजे विश्रामाचा दिवस, पाळायचा तर रविवारी वॉर्डात कसं उभं राहायचं, असं तुम्ही विचारलंय. लूकच्या 13 व्या अध्यायातली बाई आठवा, 18 वर्षं कमरेत वाकलेली. प्रभूने तिला शब्बाथाच्याच दिवशी, सभास्थानातच बरं केलं. सभास्थानाचा अधिकारी चिडला, म्हणाला कामाला सहा दिवस आहेत, त्या दिवशी या. प्रभूचं उत्तर आपल्या गावाकडच्या कुणालाही लगेच कळेल असं आहे: तुम्ही शब्बाथाला गोठ्यातला बैल सोडून पाण्यावर नेत नाही का? मग या बाईला सोडवायचं नाही? तुमच्या वॉर्डातला पेशंट रविवारीही पेशंटच असतो. त्याची सलाईन संपायची वेळ उपासनेच्या घंटेकडे बघून ठरत नाही. त्या रविवारी तुमची उपासना वॉर्डातच होते, आणि हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. मंदिरातले याजकही शब्बाथाला काम करायचे आणि निर्दोष ठरायचे, असं प्रभूच म्हणाला आहे.

मात्र विश्रामाचा दिवस तुम्हाला माफ झालेला नाही. तो रविवारी मिळाला नाही तर सरकवा, पण गाळू नका. महिन्याची ड्युटी लिस्ट लागली की आधी ऑफवर गोल करा. त्यातला दर आठवड्याचा एक दिवस, निदान अर्धा दिवस, असा ठेवा की त्यात मंडळीचं काम नाही, साठलेली धुणी नाहीत आणि कुणाच्या बदलीची ड्युटी नाही.

इथे मला जरा थांबायचंय, कारण आपल्या ख्रिस्ती घरांत रविवार कुणाचा असतो हे कुणी बोलत नाही. उपासना 11 वाजता सुटते. पुरुष देवळाच्या आवारात गप्पा मारत उभे राहतात. बायका झपाझप घरी निघतात, कारण रविवार म्हणजे मटण. वाटण, भाकऱ्या, त्यात पाहुणे, मग भांड्यांचा ढीग. दुपारी 3 वाजता घरातले सगळे आडवे होतात आणि बाई ओटा पुसत असते. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात 5 व्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा पुन्हा येते. तिथे मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारातला परका, सगळ्यांची नावं घेऊन विसावा सांगितलाय, आणि कारण दिलंय की तुम्हीही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतात. बैलालासुद्धा विसावा आहे. त्या यादीत बायको वेगळी लिहिलेली नाही, आणि आपण तिला बरोबर तिथूनच निसटू दिलंय.

आमच्या घरी हे बदलायला मला फार वर्षं लागली. नंतर रविवारी खिचडी आणि पापड ठरले. मटण शनिवारी रात्री, आणि कांदा मी चिरायचा. सुरुवातीला आईने नाक मुरडलं. तुमच्या घरी सासूबाई आहेत, त्यांना एकदम सांगितलं तर राग येईल. त्यांच्याकडूनच विचारून घ्या: "आई, तुम्हाला सुनवासात रविवारी कधी बसायला मिळालं का?" बहुतेक सासवांकडे या प्रश्नाचं लांबलचक उत्तर असतं.

मार्थेबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही स्वतःला मार्था म्हटलंय आणि ते शिवी दिल्यासारखं म्हटलंय. बेथानी गावात मार्थेची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसली, मार्था कामात गुंतली, आणि प्रभूने मार्थेची काळजी आणि दगदग बोलून दाखवली. स्वयंपाक करू नकोस असं तो म्हणाला नाही. पुढे त्यांचा भाऊ लाजर मेला तेव्हा वाटेवर सामोरी गेलेली तीच मार्था. तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, ही कबुली योहानाच्या 11 व्या अध्यायात तिच्याच तोंडी आहे. पुढच्याच अध्यायात बेथानीत पुन्हा जेवण आहे, आणि योहान लिहितो की मार्था वाढत होती. म्हणजे पातेलं तिच्या हातून सुटलं नाही. या वेळी मात्र तिच्या तोंडी तक्रारीचा शब्द नाही. लग्नकार्यात खूप पंगती वाढलेल्या बाईला हा फरक मी समजावून सांगायची गरज नाही.

प्रार्थनेकडे येतो. त्या सभेतलं ‘कोमट’ तुमच्या फार जिव्हारी लागलंय. तो शब्द प्रकटीकरणाच्या 3 ऱ्या अध्यायातला, लावदिकीयाच्या मंडळीला उद्देशून आहे. ती मंडळी काय म्हणत होती? मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही. जी बाई ‘मी सगळीकडे कमी पडते’ म्हणून रडते तिच्यावर हे वचन फेकणं म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला पाजणं. तुम्ही नर्स आहात, अशा चुकीने काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तासभर प्रार्थना उत्तमच. ज्याला जमते त्याने करावी. पण रात्री 8 ते सकाळी 8 अशी पाळी करून आलेल्या बाईने 5 चा गजर लावावा असं वचनात कुठेही नाही. माझ्या पुण्यातल्या मंडळीत एक जुन्या सिस्टर होत्या. त्यांनी मला एक रीत सांगितली, ती तशीच तुमच्या हवाली करतो. साबणाने हात नीट धुवायचे तर 40 ते 60 सेकंद लागतात, हे तुम्हाला शिकवलेलंच असतं. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. त्या म्हणायच्या, "साहेब, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश म्हटलं की हात बरोबर धुऊन होतात." एका पाळीत त्या कितीतरी वेळा हात धुवायच्या. ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना, ज्याला नळीने अन्न चाललंय तो पेशंट त्यांच्या डोळ्यांपुढे असायचा. ‘आम्हांला क्षमा कर’ म्हणताना, मघाशी ज्या आयाबाईवर आवाज चढवला ती आठवायची. एकदा मी त्यांना भेटायला वॉर्डात गेलो होतो. त्या बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, कोपराने नळ बंद केला, ओठ अजून हलत होते. मी दारातच थांबलो. माझ्या कित्येक प्रवचनांत तेवढी एकाग्रता नव्हती.

रात्रपाळीसाठी स्तोत्र 134 पाठ करा. तीनच ओव्या आहेत, आणि ते परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभे राहणाऱ्यांसाठीच आहे. पहाटे 3 च्या सुमारास, बीपी-टेम्परेचर लिहून झालं आणि वॉर्ड शांत झाला की ते मनात म्हणा. सकाळी घरी येऊन पडद्याआड आडवं होताना चौथ्या स्तोत्राची शेवटची ओवी घ्या, स्वस्थपणे अंग टाकून झोपी जाण्याची. एवढं बोलून झोपा. झोप लागली म्हणून प्रार्थना बुडाली असं मानू नका. वादळात होडीच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून प्रभू झोपला होता, आणि तो थकला होता म्हणूनच झोपला असणार.

ऑफच्या दिवशी मात्र अर्धा तास एकटीने बसा. दार लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तिथे काम उरकल्यासारखी वचनं वाचायची नाहीत. एकच परिच्छेद घ्या आणि त्यात रेंगाळा. हात धुताना म्हटलेल्या प्रार्थनांना मुळं धरायला ही जागा लागते. ती नसेल तर काही महिन्यांत ओठ नुसते हलू लागतात. हे मी ज्या पोटतिडकीने सांगतोय ते दुर्लक्षू नका.

प्रार्थना आणि काम एकाच छपराखाली नांदलेलं बघायचं असेल तर केडगावला जाऊन या, दौंडकडे, पुण्याहून लांब नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली-बायकांना तिथे आणलं. प्रार्थना होतीच, पण त्यांनी त्या मुलींना नुसतं प्रार्थनेला बसवलं नाही. माग होते, शेती होती, छापखाना होता, आणि तो त्याच मुलींनी चालवला. रमाबाईंनी स्वतः उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1922 साली त्या गेल्या, तोवर हे काम त्यांच्या हाती होतं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारी मुलगी आणि प्रार्थनेला बसलेली मुलगी एकच होती.

तुमच्या नवऱ्याचं बोलणं तुम्हाला टोचलं, आणि टोचणारच. पण वाक्य पुन्हा बघा. ‘देवासाठी’ वेळ आहे असं तो म्हणाला नाही, ‘देवळासाठी’ म्हणाला. मी वर दोन खाती वेगळी केली, ती त्याने आधीच केली आहेत.

मी नगर जिल्ह्यात असताना माझ्याकडे भेटीची वही होती. 62 घरं. कुठल्या घरी कधी गेलो, कोण आजारी, कुठे प्रार्थना घेतली, सगळं तारीखवार. एका पावसाळ्यात तीन गावांतल्या घरगुती प्रार्थना आटोपून रात्री 11 ला मोटरसायकलवरून परतलो तर घराला कुलूप. शेजारच्या मावशींनी चावी आणि झाकलेलं ताट दिलं. म्हणाल्या, "साहेब, पोराला लई ताप हाय. बाई शेवटच्या यष्टीनं तालुक्याला घेऊन गेल्या." टायफॉइड निघाला. पोरगं बरं झालं. आठवडाभराने बायकोने ती वही माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "यात आपलं घर कोणत्या पानावर आहे?" ती रागात नव्हती, खरंच विचारत होती. नव्हतं ते कुठल्याच पानावर. त्या रात्री मी वहीत 63 वं घर लिहिलं, गुरुवारची संध्याकाळ आखली, आणि ती संध्याकाळ पुढे जमेल तशी पाळली. सगळ्याच पाळल्या असं म्हणणं खोटं ठरेल.

नवऱ्याला उत्तर देऊ नका. एका ऑफला त्याच्यासोबत चहा घेऊन बसा आणि घराला नेमकी कुठे तुमची गरज वाटते ते विचारा. कदाचित त्याला मुलांचा अभ्यास म्हणायचा असेल, कदाचित नुसतं एकत्र जेवण. मुलांसोबतची कौटुंबिक प्रार्थना 10 मिनिटांच्या पुढे नेऊ नका: एक गीत, चार ओव्या, आणि प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. धाकट्याने हरवलेल्या रबरासाठी प्रार्थना केली तर हसू नका. आज नवरा तिथे बसत नसेल तर त्याला ओढू नका, दार फक्त उघडं असू द्या.

दशमांशाबद्दल मी लिहितोय त्यावर काही पाळकबंधू नाराज होतील. मार्कच्या 7 व्या अध्यायात प्रभूने शास्त्र्यांना खडसावलं. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून लोक हात झटकत होते, आणि धर्माचे पुढारी त्याला मान डोलवत होते. प्रभूने त्याला देवाची आज्ञा मोडणं म्हटलं. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांसोबत परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी होता, हे अनुवादात लिहिलंय. तुमची आई विधवा आहे. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला जे कडक शब्द लिहिले तेही वाचा. आईची औषधं आधी. पगार झाला की पहिल्याच दिवशी तिचे पैसे पाठवा. त्यानंतर जे देता येईल ते मंडळीत आनंदाने द्या, मग ते 10 टक्के नसलं तरी. देणं पूर्ण थांबवू नका. देण्याने हात मोकळा राहतो. आणि पाकिटावर रक्कम कमी दिसते म्हणून कुणी मंडळीत बोललं, तर त्याचं उत्तर देणं पाळकांचं काम आहे, तुमचं नाही.

शेवटचं, पण हे आधी करा. पत्रात ओझरतं लिहिलंय की हल्ली गाताना मन लागत नाही, ऑफ असूनही झोप येत नाही, आणि बाथरूममध्ये जाऊन रडू येतं. हे किती दिवस चाललंय? दोन आठवड्यांहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या, आणि मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं तर जा. तुमच्या पेशंटला तुम्ही हेच सांगाल. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत आला, त्याला जागं केलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा ऊठ, खा असंच म्हणाला, कारण वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. होरेब पर्वत, तिथे ऐकू आलेली देवाची मंद वाणी, ते सगळं त्यानंतर. तुमचा थकवा म्हणजे अविश्वास, असं कुणी सांगितलं तर त्यांना बायबलच्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचायला सांगा.

पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट लागली की मला कळवा, आपण ऑफवर गोल बसून करू. पाळकसाहेबांशी बोलणं कसं झालं तेही लिहा. सासूबाईंना माझा सलाम सांगा, आणि तो रविवारचा प्रश्न त्यांना नक्की विचारा.